ओटीपोटाची कैफियत

आमच्या थोरल्या आत्याला प्रथम महिन्यातून चार-पाच दिवस, आणि पुढेपुढे तर महिन्यातले चार-पाच दिवस सोडून उरलेले सारे दिवस, ओटीपोटात दुखत असे. आणि त्या दुखण्यावर वाड्यातील एकमेव सर्वमान्य इलाज म्हणजे चुलीच्या वैलावर तापविलेली, जुन्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळलेली एक वीट हा होता. ती वीट मला अजून आठवते. कोपरे झिजून गुळगुळीत झालेली, एका अंगाने काळवंडलेली, आणि काम नसेल तेव्हा फडताळाखाली ढकलून ठेवलेली. कोणी विचारलेच तर ‘जरा धरलंय’ एवढे दोनच शब्द आत्या उच्चारी. कुठे धरले आहे, कशाने धरले आहे, केव्हापासून धरले आहे, याची चौकशी करण्याचा प्रघात आमच्या घरात नव्हता, आणि वाचकहो, बहुधा तुमच्याही नव्हता. तिच्या अखेरच्या आजारात तिचे अंग पुसून काढण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा बेंबीखालच्या कातडीवर मासे धरण्याच्या जाळ्यासारखी तपकिरी रेघांची एक नक्षी मी पाहिली. पुष्कळ वर्षांनंतर एका डॉक्टर मैत्रिणीने सांगितले, की वर्षानुवर्षे एकाच जागी शेक घेतला की कातडीवर असा जाळीदार डाग उमटतो, आणि तो दिसला की जाणत्या डॉक्टराने दुखण्याची मुदत त्यावरून ओळखावी. म्हणजे आत्याची तक्रार लेखी स्वरूपात तिच्या अंगावर होतीच. ती वाचणारे कोणी नव्हते.

हा लेख त्या दुखण्याविषयी आहे. वैद्यकाच्या दफ्तरात त्याची नोंद ‘दीर्घकालीन श्रोणिवेदना’ अशी होते. बेंबीच्या खाली, दोन्ही कटिअस्थींच्या मध्ये, साधारणतः सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ ठाण मांडून बसलेले दुखणे, मग ते अखंड असो वा येऊन-जाऊन असो, असा त्याचा ढोबळ अर्थ. व्याख्या एवढी कोरडी असली तरी तिच्यातील एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. तिच्यात कोणत्याही एका अवयवाचे नाव नाही.

नाव नाही याचे कारण त्या प्रदेशाच्या रचनेत आहे. कटीच्या त्या हाडांच्या परातीत पुढे मूत्राशय, मध्ये गर्भाशय आणि त्याच्या दोन बाजूंना बीजकोश, मागे मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग, आणि या साऱ्यांना खालून झोळीसारखे तोलून धरणारे श्रोणितलाचे स्नायू, अशी दाटीवाटीची वस्ती आहे. आणि या सगळ्या बिऱ्हाडांचे निरोप मज्जारज्जूच्या जवळजवळ त्याच त्या मजल्यांवर जाऊन पोहोचतात. परिणाम असा होतो की मूत्राशयाचा तक्रार-अर्ज गर्भाशयाच्या नावावर रुजू होतो, आतड्याची कागाळी पाळीच्या खात्यात जमा होते, आणि एका बिऱ्हाडात वर्षानुवर्षे कटकट चालू राहिली की शेजारचेही विनाकारण हुज्जत घालू लागतात. ज्या बाईला पाळीच्या वेळी असह्य दुखते, तिलाच पुढे लघवीची जळजळ सुरू व्हावी आणि मग पोट कधी बिघडते तर कधी साफ होत नाही अशी तक्रार जडावी, यात तिच्या स्वभावाचा काही दोष नसून तो केवळ शेजारधर्माचा परिणाम आहे.

अशा वस्तीत गुन्हेगार शोधावयाचा तर साक्षीपुराव्याला पर्याय नाही, आणि येथे साक्ष म्हणजे त्या बाईचे शब्द. कॅनडातील मॅकगिल विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेल्झॅक यांनी १९७५ साली वेदना मोजण्यासाठी जी प्रश्नावली प्रसिद्ध केली, तिच्यात कोणतेही यंत्र नव्हते. रुग्ण आपले दुखणे सांगताना जे शब्द वापरतात ते गोळा करून, त्यांतले ७८ शब्द २० गटांत लावून, ‘यांतला तुमचा शब्द कोणता?’ एवढेच त्यांनी विचारले. मला नेहमी वाटते की या कामात मराठी बाईने त्या प्राध्यापकमहाशयांना मागे टाकले असते. कळ, ठणका, पीळ, मुरडा, चमक, आग, सल, टोचणी, ओढ, दडपण, अवघडलेपण, भरल्यासारखे वाटणे, ‘अंग खाली उतरतंय’ असे वाटणे, हे सारे आपल्या स्वयंपाकघरातले शब्द आहेत आणि त्यांतला एकही दुसऱ्याच्या जागी चालत नाही. कळ येते आणि ओसरते. ती बहुधा पोकळ अवयवांची, गर्भाशयाची वा आतड्याची, भाषा असते. ‘आग होते, विंचू चावल्यासारखं होतं’ असे कोणी म्हणाली तर मज्जातंतूकडे पाहावे. सकाळी बरी असते आणि दिवस कलता कलता जड होऊन आडवे झाल्यावर निवते, अशी कैफियत असेल तर ओटीपोटातील फुगलेल्या शिरांचा विचार करावा लागतो. लघवी साठली की दुखते आणि करून आले की उतरते, असे असेल तर मूत्राशयाचा. आणि बसल्यावर वाढते व उभे राहिल्यावर कमी होते, असे असेल तर बैठकीखालच्या एका विवक्षित मज्जातंतूचा. एवढे तपशील आत्याच्या ‘जरा धरलंय’ या दोन शब्दांत गिळले गेले होते. खण-नारळाने भरावयाची ती ओटी आणि ही ओटी शब्दाने एकच. पैकी पहिलीविषयी आपल्याकडे गाणी आहेत, दुसरीविषयी केवळ दबलेला आवाज आहे.

ज्या कारणांची यादी पाठ्यपुस्तकांत सापडते ती मी येथे साद्यंत देणार नाही. पण एका आजाराजवळ थांबणे भाग आहे. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखे अस्तर गर्भाशयाबाहेर, बीजकोशांवर, आतड्यावर, पोटाच्या आवरणावर उगवते, दर महिन्याच्या संप्रेरकांच्या हुकमाला तेही प्रतिसाद देते, सुजते, पाझरते, आणि वाट न मिळाल्याने तेथेच व्रण व चिकटे निर्माण करते. याला एंडोमेट्रिओसिस म्हणतात. अमेरिकेतील ऑल्बनी शहरचे शल्यवैद्य जॉन सॅम्पसन यांनी १९२१ साली बीजकोशातील चॉकलेटच्या रंगाच्या रक्तगाठींचे वर्णन केले आणि १९२७ साली असा सिद्धान्त मांडला, की पाळीचे काही रक्त बीजवाहिन्यांतून उलटे पोटात जाते आणि त्यातल्या पेशी तेथे रुजतात. सिद्धान्त सुटसुटीत आहे. परंतु असे उलटे रक्त बहुतेक स्त्रियांच्या पोटात जाते आणि आजार मात्र काहींनाच होतो, तेव्हा जमिनीविषयीही काही बोलावे लागेल, नुसत्या बियाण्याविषयी बोलून भागणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जननक्षम वयाच्या सुमारे १० टक्के, म्हणजे जगभरातल्या सुमारे १९ कोटी स्त्रियांना व मुलींना हा आजार आहे. आणि ज्या ब्रिटनमध्ये दवाखाना फुकट व घराजवळ आहे, तेथेही पहिल्या तक्रारीपासून निदानापर्यंत सरासरी आठ वर्षांच्या आसपास काळ जातो. आठ वर्षे! चौदाव्या वर्षी पाळीच्या दुखण्याने शाळेत बाकावर डोके टेकून बसणारी मुलगी तोवर बावीस वर्षांची होते, आणि ‘पाळीत दुखायचंच, लग्न झालं की राहील’ हे वाक्य तिने तोवर आई, मावशी, शेजारीण आणि एखाद्या डॉक्टरकडूनही इतक्या वेळा ऐकलेले असते, की ते तिला स्वतःचेच मत वाटू लागते.

या आजाराचा आणखी एक चमत्कारिक स्वभाव आहे. पोटात आजार किती पसरला आहे आणि बाईला किती दुखते आहे, यांचा मेळ बसत नाही. दुर्बिणीतून पाहिल्यावर सारे पोट चिकट्यांनी भरलेले आहे आणि बाईची काहीच तक्रार नाही, असेही आढळते. आणि दोन-चार बारीक ठिपके आहेत पण बाई अंथरुणाला खिळलेली आहे, असेही. कित्येकींच्या पोटात तर दुर्बिणीला काहीच सापडत नाही. अशा बाईला ‘रिपोर्ट नॉर्मल आहे, काळजीचं कारण नाही’ असे सांगतात, आणि ती घरी येऊन सांगते की ‘मला काही झालेलं नाही’. मग पुढचे दुखणे ती लबाड ठरण्याच्या भयाने कोणाला सांगत नाही. आपल्या देशात डॉक्टरांना आणखी एका जुन्या दरोडेखोराचा विसर पडून चालत नाही, आणि तो म्हणजे क्षय. खोकला नाही, ताप नाही, आणि तरीही बीजवाहिन्यांत ठाण मांडून बसलेला क्षय ओटीपोटाच्या दुखण्याचे आणि वंध्यत्वाचे कारण असू शकतो, आणि त्याच्यावर उपचार आहे.

स्त्री आपले दुखणे सांगत नाही, कारण ज्याच्याजवळ सांगावयाचे तो पुरुष असतो, हा मुद्दा आनंदीबाई जोशी यांनी २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर, म्हणजे बंगालमधल्या सेरामपूरच्या महाविद्यालयात केलेल्या भाषणात मांडला होता आणि हिंदू स्त्री-डॉक्टरांची गरज हेच आपल्या अमेरिकागमनाचे कारण म्हणून सांगितले होते. त्या भाषणाला १०० वर्षे उलटून गेल्यावर गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांत डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६५० स्त्रियांची तपासणी केली. तोवर अशा पाहण्या दवाखान्यात आलेल्या स्त्रियांच्या होत. ही गावातल्या स्त्रियांची होती, आजारी म्हणवणाऱ्या आणि न म्हणवणाऱ्या अशा दोन्हींची. १९८९ च्या जानेवारीत ‘लॅन्सेट’मध्ये जे प्रसिद्ध झाले ते असे, की ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग होते, दर स्त्रीमागे सरासरी ३.६ रोग होते, आणि यापूर्वी कधीतरी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. त्या काळी सरकारी यंत्रणेला ग्रामीण स्त्रीच्या ओटीपोटाशी दोनच प्रसंगी कर्तव्य असे, बाळंतपण आणि कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया. मधल्या तीस वर्षांचे दफ्तर कोरे होते.

कोऱ्या दफ्तरात काय काय लिहिले जाते, याचे उत्तर बीड जिल्ह्यात मिळते.

दिवाळी अंक घरात येऊन पडतात त्याच सुमारास बीड जिल्ह्यातली गावे रिकामी होऊ लागतात. दसरा उलटला की ट्रक आणि ट्रॅक्टर लागतात, भांडी, पत्रे, शेळ्या आणि लेकरे वर चढतात, आणि ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात. या धंद्यात मजुरांची मोजणी माणसांनी होत नाही, कोयत्यांनी होते. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्याला, आणि फडात पडलेला खाडा हाही कोयत्याचाच. म्हणून बाई एक दिवस कोपीत आडवी पडली की नवऱ्याचाही दिवस जातो आणि वर पाचशे रुपये उचलीत फिरतात. पहाटे तीन-चारला उठायचे, भाकरी थापायच्या, ऊस तोडायचा, मोळी बांधायची, तीस-चाळीस किलोची ती मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचे. आणि हे सारे पाळीतही करायचे, जेथे आडोसा नाही, पाणी नाही आणि कपडा वाळत घालायला जागा नाही. अशा ठिकाणी ज्या बाईचे ओटीपोट दुखू लागते, पांढरे जाऊ लागते, कंबर मोडल्यागत होते, तिच्यापुढे कोणी ‘पिशवी काढून टाक, कटकट मिटेल’ असा सल्ला ठेवला तर तो तिला सल्ला वाटत नाही, सुटका वाटते.

२०१९ साली हे प्रकरण वर्तमानपत्रांतून गाजले, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी झाली. पाहणीत आलेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांची गर्भपिशवी काढलेली आढळली. म्हणजे शंभरांत जवळजवळ सतरा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१५-१६ च्या फेरीत १५ ते ४९ या वयोगटातील स्त्रियांमध्ये हे प्रमाण देशभर ३.२ टक्के होते. हे दोन आकडे शेजारी ठेवले की त्यावर भाष्य करण्याची गरज उरत नाही. आणि तरी एक भाष्य मी करते. यातील प्रत्येक शस्त्रक्रिया अनावश्यक होती असे कोणी म्हणू नये. अतिरक्तस्राव, मोठ्या गाठी, गर्भाशयाच्या भिंतीतच अस्तर शिरणारा अ‍ॅडिनोमायोसिस, खाली उतरलेले अंग, अशा कारणांसाठी, अन्य उपाय थकल्यावर, ही शस्त्रक्रिया बाईला खरोखर सोडवते. माझी तक्रार शस्त्रक्रियेविरुद्ध नाही. आरोपीची सुनावणी न होता त्याला सुळावर देण्याविरुद्ध आहे.

तिकडच्या एका गावी ज्या बाईच्या ओसरीवर मी बसले होते, तिचे वय तिच्या सांगण्याप्रमाणे छत्तीस. पिशवी काढून दहा वर्षे झाली. कागद तिने जपून ठेवले होते. साखरेच्या प्लास्टिक पिशवीत, पिशवीला दोरा, आणि आत सोनोग्राफीचा एकच रिपोर्ट, ज्यावर ‘गर्भाशय किंचित मोठे’ अशा अर्थाची एक ओळ होती.

“डॉक्टर काय म्हणाले?” मी विचारले.

“म्हनले, पिशवीला सूज हाय. ठिवली तर कॅन्सर व्हईल.”

“तपासून पाहिलं? आतून?”

“न्हाई ताई. पोटावर हात ठिवला.”

“आणि आता? दुखायचं थांबलं का?”

तिने उत्तर देण्याआधी पदर कमरेला खोचला, उजव्या हाताची बोटे डाव्या कमरेच्या हाडाच्या आतल्या अंगाला टेकवली आणि म्हणाली, “हितं व्हतं. हितंच हाय.” मग जरा थांबून, “पाळी गेली ती मातर गेली. खाडा वाचला.”

तिची गोष्ट जगावेगळी नाही. गर्भाशय हेच दुखण्याचे मूळ आहे असा अंदाज बांधून ज्या ९९ स्त्रियांचे गर्भाशय काढले गेले, त्यांचा पाठपुरावा अमेरिकेतील डॉक्टरांनी १९९० साली प्रसिद्ध केला; त्यांपैकी सुमारे २२ टक्क्यांचे दुखणे शस्त्रक्रियेनंतरही राहिले होते. उरलेल्या सुमारे अठ्ठ्याहत्तर टक्क्यांना आराम पडला हेही खरे. परंतु आराम न पडलेल्यांपाशी आता पुढच्या तपासाला आरोपीच शिल्लक नसतो, आणि बीजकोशही गेले असतील तर तिशीतच पाळी थांबल्याची सारी किंमत, हाडांची ठिसूळता, हृदयाचा वाढता धोका, अंगाची आग आणि झोपेचे खोबरे, ही मोजावी लागते. बीड जिल्ह्यात पुढे खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रियांना आळा घालणारी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत स्वीकारण्याचा आदेश राज्यांना दिला. परवानगीचा कागद आवश्यक आहे यात शंका नाही. पण ‘हितं व्हतं, हितंच हाय’ या वाक्याला त्या कागदावर रकाना नाही.

पिशवी गेली तरी दुखणे का राहते, याचे अर्धे उत्तर शेजारच्या अवयवांत आहे आणि अर्धे मज्जासंस्थेत. १९६५ साली मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी असे प्रतिपादन केले, की वेदनेचा निरोप मेंदूपर्यंत जशाचा तसा जात नाही. मज्जारज्जूत एक देवडी आहे, तेथे तो अडवला जातो, किंवा सोडला जातो, किंवा वाढवलाही जातो. १९८३ साली क्लिफर्ड वूल्फ यांनी उंदरांवरील प्रयोगांतून दाखविले, की इजेनंतर मज्जारज्जूच अधिक हळवा होतो आणि साध्या स्पर्शालाही वेदनेचा निरोप म्हणून पुढे धाडतो. ज्यांनी शेताच्या माळ्यावर रात्र काढली आहे त्यांना हे समजण्यास प्रयोगशाळा नको. रानडुकरांनी एकदा ज्वारी लोळवून नेली, की माळ्यावरचा जागल्या पुढे पान हलले तरी डबा बडवू लागतो. डुकरे गावाच्या शिवेबाहेर गेलेली असतात, आणि डबा मात्र रात्रभर वाजत असतो. डबा वाजतो आहे हे खोटे नाही. गावाची झोप उडते हेही खोटे नाही. म्हणून ‘तुमच्या मनाचे खेळ आहेत’ असे सांगणारा डॉक्टर जितका चुकतो, तितकाच दर वेळी कुऱ्हाड घेऊन डुकराच्या शोधात निघणाराही चुकतो. जागल्याला समजावून माळ्यावरून उतरवणे हे तिसरे काम आहे, आणि त्याला वेळ लागतो.

वेळ हीच आपल्या दवाखान्यांतली सर्वांत महाग चीज. पुण्यात एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंच्या खोलीत, पेशंटच्या संमतीने, मी एक सकाळ बसले. नवी पेशंट, बँकेत नोकरी करणारी, वय एकतीस, हातात फायलींचा गठ्ठा. पाच सोनोग्राफ्या, एक लॅपरोस्कोपी, तीन डॉक्टर. बाईंनी फाईल उघडली नाही. ‘पहिल्यांदा कधी दुखलं ते आठवतं का?’ असे विचारून त्या चाळीस मिनिटे ऐकत राहिल्या. पाळीचे विचारले, लघवीचे विचारले, शौचाचे विचारले, मग आवाज न बदलता नवऱ्याजवळ जाताना दुखते का ते विचारले. आणि सर्वांत शेवटी, घरात किंवा लहानपणी कोणी अंगाला हात लावला होता का, कोणी मारते का, हेही विचारले. अशा आघातांचा आणि या दुखण्याचा संबंध अनेकदा आढळतो, पण तो प्रश्न विचारण्याची एक रीत असते. तो दुखण्याला खोटे ठरविण्यासाठी विचारला जात नाही, हे त्या बाईला आधी कळावे लागते.

मग तपासणी. पेशंटला उताणे निजवून त्यांनी दुखऱ्या जागेवर एक बोट ठेवले आणि सांगितले, “आता नुसतं डोकं उचला, पायाच्या अंगठ्यांकडे बघा.” ती कळवळली. ही युक्ती फिलाडेल्फियाचे शल्यवैद्य जे. बी. कार्नेट यांनी १९२६ साली वर्णिलेली. डोके उचलले की पोटाचे स्नायू ताठ होऊन आतल्या अवयवांवर ढाल धरतात. तेव्हा दुखणे कमी झाले तर मूळ आत, आणि वाढले तर ते पोटाच्या भिंतीतच, स्नायूत किंवा तेथे अडकलेल्या बारीक मज्जातंतूत. खर्च शून्य, वेळ दहा सेकंद. पाच सोनोग्राफ्यांत जे कोणी पाहिले नव्हते त्याचा पहिला धागा या दहा सेकंदांत हाती लागला. त्यानंतर आतली तपासणीही दोन हातांनी एकदम नव्हे, तर एका बोटाने, सावकाश, श्रोणितलाच्या एकेका स्नायूवर थांबत झाली, आणि एका जागी पेशंट म्हणाली, “हेच. हेच ते दुखणं.” सहा वर्षांत प्रथमच तिच्या दुखण्याला कोणाचे तरी बोट लागले होते. ती रडू लागली; बाईंनी नॅपकिन पुढे केला आणि नोंद लिहीत राहिल्या.

हे स्नायू आवळलेले का राहतात? दुखण्याच्या भीतीने राहतात, बैठ्या कामाने राहतात, आणि आमच्या देशात आणखी एका कारणाने राहतात, ज्याचा उल्लेख परदेशी ग्रंथांत फारसा आढळत नाही: लघवी धरून ठेवणे. एसटी स्टँडवर, बाजारात, शेतावर, कचेरीत, लोकलच्या दीड तासाच्या प्रवासात जी बाई सकाळपासून पाणीच पीत नाही आणि संध्याकाळपर्यंत अंग आवळून बसते, तिच्या स्नायूंना ढिले पडणे म्हणजे काय ते विसरायला होते. मुंबईतल्या स्त्रियांनी ‘राइट टू पी’ची चळवळ केली तेव्हा काहींना ती विनोदी वाटली होती. मला ती वैद्यकीय वाटते. येथे एक सावधगिरीची सूचना अगत्याची आहे. १९४८ साली आर्नल्ड केगेल यांनी सांगितलेले आवळण्याचे व्यायाम हल्ली ज्याच्या त्याच्या तोंडी आहेत. बाळंतपणानंतर लघवी सुटते तिला ते उपयोगी पडतात, पण ज्या बाईचे स्नायू आधीच मुठीसारखे मिटलेले आहेत तिने तेच व्यायाम नेटाने केले तर दुखणे वाढते. तिला शिकायचे असते सोडणे. फिजिओथेरपिस्ट तिला पाठीवर निजवून, गुडघे दुमडून, एक हात छातीवर व एक ओटीपोटावर ठेवायला सांगते, आणि श्वास असा घ्यायला लावते की वरचा हात स्थिर राहावा आणि खालचा उचलला जावा. ऐकायला हे सोपे आहे. त्या बँकेतल्या मुलीला तीन आठवड्यांत जमले, आणि जमले त्या दिवशी, असे तिने मला पुढे सांगितले, आपण इतकी वर्षे पोट आत ओढूनच श्वास घेत होतो हे तिच्या लक्षात आले.

औषधांविषयी थोडक्यात. पाळीशी बांधलेल्या दुखण्यात संप्रेरकांच्या गोळ्या, डायनोजेस्ट, किंवा गर्भाशयात बसविण्याची संप्रेरकयुक्त तांबी, यांनी पुष्कळांना आराम पडतो. आणि एंडोमेट्रिओसिसचा रास्त संशय असेल तर केवळ निदान नक्की करण्यासाठी प्रत्येकीने दुर्बिणीखाली जावे असा आग्रह युरोपातील तज्ज्ञांनी २०२२ च्या मार्गदर्शनात सोडला आहे. मज्जातंतूंच्या दुखण्यासाठी अमिट्रिप्टिलिनसारखे औषध अल्प मात्रेत देतात. ते नैराश्याचेही औषध आहे हे दुकानदाराकडून कळून बाईचा अपमान होऊ नये म्हणून डॉक्टराने आधीच सांगावे. गॅबापेंटिन नावाचे औषध वर्षानुवर्षे भरवशाने दिले जात होते. ब्रिटनमध्ये, पोटात काही दोष न आढळलेल्या ३०६ स्त्रियांवर त्याची रीतसर परीक्षा झाली आणि २०२० साली निकाल लागला, की दुखणे कमी करण्यात ते नुसत्या खोट्या गोळीहून सरस ठरत नाही, गुंगी मात्र आणते. असे निकाल लागणे ही या शास्त्राच्या शहाणपणाची खूण आहे असे मी मानते. काही लक्षणांना मात्र वाट पाहायला लावू नये: पाळी थांबल्यानंतर पुन्हा रक्त दिसणे, लघवीतून वा शौचातून रक्त जाणे, विनाकारण वजन उतरणे, पोट सतत फुगलेले राहणे, तापासह ओटीपोट दुखणे, किंवा दिवस गेल्याची शक्यता असताना एकाएकी कळ उठणे. यांना दीर्घकालीन दुखण्याच्या फायलीत घालून ठेवू नये. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

घरी करण्याजोगे काम एकच सांगते, कारण ते मी होताना पाहिले आहे. एक वही घ्यावी. कोणत्या दिवशी, कोठे, कोणत्या जातीचे दुखले, दहापैकी किती, त्या दिवशी पाळीचा कितवा दिवस, शौच कसे, झोप किती, काय केल्याने निवले, एवढे दोन-तीन महिने लिहावे. लिहिता येत नसेल तर नातीकडून लिहून घ्यावे.

बीडच्या त्या गावी मी गेले होते तेव्हाच तेथे तपासणी शिबिर भरले होते. शाळेच्या वर्गात, पडदा म्हणून लावलेल्या चादरीमागे, एक तरुण डॉक्टर मुलगी बसली होती आणि तिच्यापुढे बाईच्या देहाची पुढून-मागून अशी दोन रेखाचित्रे छापलेला कागद होता. दुखते तेथे पेनाने खूण करायची. ओसरीवरची माझी बाई आत गेली. तिने कागद हातात घेतला, जवळ धरला, लांब धरला, उलटा करून पाहिला, आणि पेन तसेच धरून म्हणाली, “ही कुठली बाई हो डॉक्टर? हिच्या डोक्यावर मोळी न्हाई.”

डॉक्टर मुलीने तिच्या हातून पेन घेतले, चित्रातल्या बाईच्या डोक्यावर उसाची मोळी काढली, वर पाचटाच्या दोन-तीन रेघा ओढल्या, आणि कागद पुन्हा तिच्यापुढे सरकवला.